ओढीच्या पाण्यात पोहायचं नसतं

प्रश्न बेळगाव-शहापूरच्या एका ताईंचा आहे. मुर्डेश्वरजवळच्या नेत्राणी बेटावर त्यांनी ओपन वॉटरचा, म्हणजे स्कूबा डायव्हिंगचा पहिला कोर्स केला, आजवर नऊ डायव्ह झाले. येत्या फेब्रुवारीत मालदीवला निघाल्यात आणि तिथं प्रवाळाच्या कड्याकडेनं ‘ड्रिफ्ट डायव्ह’, म्हणजे प्रवाहाबरोबर वाहत करायचा डायव्ह, ठरलाय. त्या लिहितात: “गोवावेसच्या तलावात मी न थांबता चाळीस फेऱ्या मारते. प्रवाहाविरुद्ध एवढी ताकद पुरेल का? वाहून गेले तर काय करायचं? रीफ हुक (दगडात अडकवून जागी थांबायचा आकडा) विकत घेऊ का? नेत्राणी तर अगदी सोपं गेलं, सकाळी दोन डायव्ह करून दुपारी निघालो, रात्रीच्या जेवणाला घरी.”

ताई, चाळीस फेऱ्या म्हणजे दम चांगला आहे. तो उपयोगी पडेल, पण तुम्ही समजताय त्या कामाला नाही.

हिशेब करून बघा की. समुद्रातला प्रवाह नॉटमध्ये मोजतात. एक नॉट म्हणजे तासाला १.८५ किलोमीटर, मिनिटाला साधारण ३० मीटर. ऐकायला हे काहीच नाही, शनिवारच्या बाजारात पिशवी घेऊन रमतगमत जाणारा माणूससुद्धा याहून वेगानं चालतो. पण एक नॉटच्या पाण्यात नुसतं जागच्या जागी राहायचं म्हटलं तरी २५ मीटरची फेरी दर ५० सेकंदांना एक, अशी मारत राहावी लागेल. तीही पाठीवर टाकी, अंगात बीसीडी (हवा भरून तरंगायचं जॅकेट) आणि चारी बाजूंना नळ्या असताना. शिवाय वेग दुप्पट झाला की पाण्याचा अडसर चौपट होतो, आणि तो कापायला लागणारी ताकद आठपट. दोन नॉटच्या ओढीसमोर ऑलिंपिकचा पोहणारा उभा केलात तरी टाकी लावून तो फार वेळ टिकणार नाही.

मी खानापूर तालुक्यातला. मलप्रभा आमच्याकडे कणकुंबीला उगम पावते आणि पावसाळ्यात तिला जी ओढ असते ती आमच्याकडच्या पोरांना वेगळी शिकवावी लागत नाही. पोहायला शिकलो विहिरीत, पाठीला वाळका भोपळा बांधून. नदीत उतरायची परवानगी मात्र आजोबांनी दिली ती म्हशींच्या मागून. “तिच्याकडं बघ आणि तसंच कर,” एवढीच शिकवणी. म्हैस समोरच्या काठाला नाक लावून सरळ कधी पोहत नाही. वरच्या अंगाला पाण्यात शिरते, तिरकी होते, नाकपुड्या तेवढ्या वर ठेवते आणि शंभरेक पावलं खाली, पलीकडं आरामात निघते. नवखा माणूस जिथं उतरला त्याच्या बरोबर समोर निघायचा हट्ट धरतो, आणि दमतो तो तोच. मराठीत ‘प्रवाहाविरुद्ध पोहणं’ हे कौतुकाचं बोलणं आहे. सत्कारात चालतं. पाण्याखाली त्याचा काही उपयोग नाही.

ड्रिफ्ट डायव्हमध्ये कड्याच्या कडेकडेनं पुढं नेणं हे पाण्याचं काम. तुमचं काम एकच, खोली सांभाळणं. आडवी चाल पाण्याकडं सोपवायची, वर-खाली मात्र एक मीटरही त्याच्या मर्जीवर सोडायचं नाही. नऊ डायव्हच्या माणसाचं नेमकं उलटं होतं. तो हातपाय मारून आडवं थांबायला बघतो, आणि त्या गडबडीत नकळत पाच मीटर खाली किंवा वर गेलेला असतो. म्हणून तुमच्या फेऱ्यांपेक्षा मला हे विचारायचंय: पाचेक मीटरवर, कशालाही न धरता, पायातल्या फिन्स न हलवता तीन मिनिटं तरंगत राहता येतं का? खोली दाखवणाऱ्या मनगटावरच्या कॉम्प्युटरवरचा आकडा अर्ध्या मीटरपेक्षा जास्त हलू न देता? येत असेल तर निम्मी तयारी झाली. नसेल तर अजून वेळ आहे, आणि गोवावेसच्या तलावाचा तिथं खरा उपयोग आहे.

आता प्रत्यक्ष काय होतं ते सांगतो. नेत्राणीला तुमची बोट बांधलेली होती, जिथं उतरलात तिथंच वर आलात. इथं बोट बांधत नाहीत. ती प्रवाहाच्या वरच्या अंगाला तुम्हाला सोडते आणि बुडबुड्यांच्या मागे मागे येते. सगळ्यांनी एकदम पाठीवर उलटं पडायचं. ‘एक मिनिट हं, मास्क नीट करते’ हे बोटीतच आटपून घ्या, कारण पाण्यावर ते एक मिनिट म्हणजे बाकीच्यांपासून ३० मीटर. बऱ्याचदा गाईड बीसीडी पूर्ण रिकामी करून पडायला सांगतो, म्हणजे पृष्ठभागावर न रेंगाळता थेट पाच-सहा मीटरवर भेटायचं. असं पडण्याआधी कान एकदा बोटीतच मोकळे करून ठेवा. खाली कान अडला तर नेटानं उतरू नका, गाईडला खूण करा आणि वर या. बोट डोक्यावरच असते. एक डायव्ह बुडाला तर बुडू दे, कानाचा पडदा त्याहून मोलाचा.

खाली पोचलात की समोर भिंत. प्रवाळाचा माथा पाच-दहा मीटरवर, आणि तिथून कडा सरळ खाली निळ्यात. ठिकठिकाणी कपारी, छपरासारखे पुढं आलेले दगड, त्यांच्या पोटाला लटकलेले मऊ प्रवाळ. पहिल्यांदा बघताना आंबोलीच्या कड्यावरून खाली दरीत डोकावल्यासारखं होतं, फक्त इथं तुम्ही कड्याच्या बाहेर, हवेत असल्यासारख्या. पंख्याच्या आकाराचे प्रवाळ बघा, ते नेहमी प्रवाहाला आडवे वाढलेले दिसतील, आमच्याकडं पावसाळ्यात ओढ्याला आडवी जाळी लावतात तसे. कारणही तेच आहे: वाहत येणारं खाणं त्यात अडकतं. मऊ प्रवाळाची फुलं पूर्ण उमललेली असतील तर तिथं ओढ चालू आहे. म्हणजे जो प्रवाह तुम्हाला नकोसा वाटतोय त्याच्याच जिवावर हा सगळा बाजार भरलाय.

भिंतीजवळ पाणी घासतं, त्यामुळं तिथं वेग कमी, आणि चार-पाच मीटर बाहेर गेलात की जास्त. हाच तुमचा ब्रेक. हळू जायचंय तर भिंतीकडं सरका, पुढच्यांना गाठायचंय तर थोडं बाहेर. दगडाचा मोठा नाकाडा पुढं आला असेल तर त्याच्या मागं आडोशाला पाणी जवळजवळ थांबलेलं असतं, नदीत खडकामागं असतं तसं. काही बघायचं असेल तर त्या आडोशाला शिरायचं. कासव दिसलं आणि तुम्ही त्याला मागं टाकून पुढं आलात, तर जाऊ दे. परत फिरून फोटो काढायला गेलेली माणसं मी बघितली आहेत, फोटोत कासवाचं बूड येतं आणि टाकीतली निम्मी हवा जाते.

हवेचं गणित जरा सविस्तर सांगतो, कारण ओढीत गडबड होते ती इथंच. समजा पृष्ठभागावर शांतपणे तुम्हाला मिनिटाला २० लिटर हवा लागते. २० मीटरवर दाब तिप्पट, म्हणजे लागणार ६० लिटर. बारा लिटरची टाकी, २०० बारनं (बार हे दाबाचं माप) भरलेली, त्यातले ५० बार राखीव ठेवले तर हातात राहतात १५० गुणिले १२, म्हणजे १८०० लिटर. शांत राहिलात तर तीस मिनिटं. पाच मिनिटं ओढीशी झुंजलात, धाप लागून मागणी दुप्पट झाली, तर ती पाच मिनिटंच तुमची दहा मिनिटं खातात. आणि हवा हा अर्धाच भाग. खोलवर हवा दाट होते, भराभर उथळ श्वास घेतला की कार्बन डायऑक्साइड शरीरात साठत जातो, आणि मग टाकीत भरपूर हवा असूनही रेग्युलेटर, म्हणजे तोंडातली हवेची नळी, हवा देत नाही असं वाटायला लागतं. घाबरणं येतं ते तिथून. उपाय साधा आहे. पाय थांबवा, आडोशाला जा किंवा सरळ वाहत राहा, आणि श्वास सोडण्यावर लक्ष द्या, लांब, सावकाश. घेण्यावर नाही.

पाण्याची दिशा कशी ओळखायची? माशांकडं बघून. मासे प्रवाहाकडं तोंड करून असतात. बारके नारिंगी मासे भिंतीपासून दूरवर मोकळे पसरले असतील तर ओढ बेताची, सगळे दगडाला चिकटून बसले असतील तर जोरात. आणि कधी मासे नाक वर करून उभे दिसले तर सावध व्हा, पाणी वरून खाली येतंय.

हे मी शिकलो ते मार खाऊन. इंडोनेशियात, उत्तर सुलावेसीतल्या एका कड्यावर, शंभरावर डायव्ह झाल्याच्या माजात, मी गाईडच्या पुढं निघून कोपऱ्याशी गेलो. प्रवाह भिंतीवर आपटला की तो फुटतो, काही बाजूला, काही वर, काही खाली. मी खालच्या धारेत शिरलो. आधी कान दुखला, म्हणून कॉम्प्युटर बघितला. १६ मीटरचे २१ झाले होते. वर बघितलं तर माझेच बुडबुडे वर जायचे सोडून माझ्या छातीशी घुटमळत खाली चालले होते. मी जे करायला नको तेच केलं, सरळ वर पाय मारायला लागलो. २७ झाले. मग आजोबांची म्हैस आठवली म्हणा किंवा पाय संपले म्हणा, मी आडवा झालो आणि भिंतीकडं पाठ करून बाहेर निळ्याकडं पोहलो. दहा-बारा फिन मारल्यावर धार सुटली. अशा धारा बहुतेक अरुंद आणि कड्याला धरून असतात. पण दुसरी गंमत पुढं होती. खाली जाताना बीसीडीत भरलेली हवा आता फुगायला लागली आणि मी वर उसळलो. एक हात सतत हवा सोडायच्या दोरीवर ठेवला म्हणून वाचलो. तेव्हा लक्षात ठेवा: खाली ओढलं तर आडवं निघा, बाहेरच्या बाजूला. किंवा भिंत हाताशीच असेल तर मेलेल्या प्रवाळाचा दगड धरून दगड-दगड करत वर सरका. बीसीडीत थोडी हवा घाला, पण सुटताच ती काढायची तयारी ठेवून. नवख्यांना न्यायच्या जागांवर हे क्वचित घडतं. घडलं तर विचार करायला वेळ नसतो, म्हणून आत्ताच सांगितलं.

मालदीवात जागा दोन प्रकारच्या. एक, बेटांच्या माळेचा बाहेरचा कडा. दुसरी, दोन प्रवाळांमधली वाट, तिला तिथं ‘कंदू’ म्हणतात. आपल्या भाषेत ती खिंड. चोर्ल्याच्या माथ्यावर साधा वारा असला तरी खिंडीत टोपी उडते, तसंच पाण्याचं. फेब्रुवारीत तिथं इरुवै, म्हणजे ईशान्य मोसमी वाऱ्याचा काळ, प्रवाह साधारण पूर्वेकडून येतो आणि पूर्वेकडच्या खिंडींतून स्वच्छ समुद्राचं पाणी आत शिरतं. तेव्हा शार्क त्या खिंडींच्या तोंडाशी जमतात आणि सगळ्यांना तिथंच जायचं असतं. तुम्ही जाऊ नका, निदान पहिले काही दिवस तरी. खिंडीतले डायव्ह २५-३० मीटरवर चालतात. तिथल्या नियमानं ३० मीटर ही हौशी डायव्हरची कमाल मर्यादा आहे आणि तुमच्या ओपन वॉटर कार्डाची १८. बुकिंग करणाऱ्याला स्पष्ट सांगा की मला कडा हवा, खिंड नको, आणि माझे नऊच डायव्ह झालेत. आकडा वाढवून सांगायचा मोह होतो, नका सांगू. गाईड तुमच्या आकड्यावरूनच जागा ठरवतो.

(मालवणचे जुने मच्छीमार तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ सांगतात. अष्टमीला आठाचे सहा, म्हणजे सहाला भरती. आपल्या किनाऱ्यावर हे बऱ्यापैकी जमतं. मालदीवात हा हिशेब लावू नका. तिथं भरती-ओहोटीची उंचीच थोडी असते, मोसमी प्रवाह तिच्यावर स्वार असतो. गाईड उडी मारून पाणी बघून येतो, तेच पंचांग.)

वाहून गेले तर काय, या प्रश्नाचं खरं उत्तर असं की वाहून तर सगळेच जातात, तोच डायव्ह आहे. प्रश्न एकटं वाहून जाण्याचा. बडी, म्हणजे डायव्हचा जोडीदार, दिसेना झाला तर एक मिनिट आजूबाजूला, वर-खाली बघायचं. शोधत उलटं पोहायचं नाही. नाही दिसला तर सावकाश वर यायला लागायचं, मिनिटाला ९ मीटरपेक्षा जास्त वेगानं नाही, आणि पाच मीटरवर तीन मिनिटं थांबायचं. हा थांबा भिंतीपासून दूर, निळ्या पाण्यात होतो. खाली तळ नाही, बाजूला काही नाही, आणि माणसाला आपण चढतोय की उतरतोय तेच कळत नाही. डोळ्यांवर विश्वास ठेवू नका, कॉम्प्युटरवर ठेवा.

पैसे खर्च करायचेच असतील तर हुक नको, खाली राहून वर सोडायचा तो नारिंगी लांबट फुगा घ्या. दीड मीटरच्या वरचा, सोबत १५-२० मीटर दोरीचं स्पूल. डायव्हर त्याला ‘सॉसेज’ म्हणतात, कागदोपत्री एसएमबी. लाटांमध्ये माणसाचं डोकं म्हणजे तरंगणारा नारळ, दोनशे मीटरवरून बोटवाल्याला दिसत नाही. हा फुगा दिसतो. दहा मीटरच्या आसपास असताना तो अर्धाच भरायचा, वर पोचेपर्यंत दाब निम्मा होऊन आतली हवा दुप्पट होते आणि तो टणक उभा राहतो. सोडण्याआधी वर बघायचं, बोट डोक्यावर नाही ना. दोरी कुठं गुंडाळलेली नाही ना, तेही. आणि स्पूल जॅकेटला अडकवायचं नाही. दोरी अडकली तर स्पूल सोडून द्या, फुगा गेला तर पुन्हा मिळतो. फुगा सोडायला शिकताना पहिल्या पाच वेळा प्रत्येकजण स्वतःच त्याच्याबरोबर वर जातो. म्हणून हे मालदीवात शिकायचं नाही. तलावाच्या खोल टोकाला हाताळणी बसवून घ्या, आणि मग जानेवारीत नेत्राणीला दोन डायव्ह फक्त यासाठी करा. मुर्डेश्वरपासून बेट सुमारे १९ किलोमीटर आत आहे, तिथं अधूनमधून पाण्याला बरी ओढ असते, तेवढी सरावाला पुरे.

वर आल्यावर बीसीडी फुगवा, एकत्र राहा, मास्क आणि रेग्युलेटर काढायची घाई करू नका. बोट तुमच्याकडं येईल, तुम्ही बोटीकडं पोहू नका. पंखा थांबल्याची खूण झाल्याशिवाय शिडीला हात लावायचा नाही.

हुकाबद्दल एवढंच: तो खिंडीच्या तोंडाशी, जोराच्या प्रवाहात एका जागी थांबून शार्क बघायला असतो, मेलेल्या दगडात अडकवायचा. तुम्ही तिथं जाणार नाही आहात. नवख्याच्या हातात तो जिवंत प्रवाळ मोडतो किंवा त्याचा स्वतःचा तोल.

आता शेवटचं, जे तुम्ही विचारलंच नाही. तुमच्या पत्रात मी अडकलो ते “रात्रीच्या जेवणाला घरी” या शब्दांवर. विमानात चढण्याआधी थांबायचं असतं हे तुम्हाला कोर्समध्ये सांगितलंच असेल: एक डायव्ह असेल तर निदान १२ तास, दिवसात दोन किंवा सलग दिवस असतील तर १८. हा नियम २,००० ते ८,००० फुटांच्या हवेच्या दाबासाठी आहे. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे अडीच हजार फुटांवर आहे. अंकोल्याहून अरबैल घाट चढून यल्लापूरमार्गे या, नाही तर मालवणहून आंबोलीनं या, गाडीत बसून तुम्ही त्या नियमाच्या आतच शिरता. दाब कमी झाला की अंगात विरघळलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होतात, आणि त्याला विमान आणि जीप यातला फरक कळत नाही. कोकणातल्या किंवा गोव्यातल्या डायव्हरला घरी जाताना घाट लागत नाही, म्हणून हे आपल्याकडं कुणी बोलत नाही. नऊ डायव्हमध्ये तुम्हाला काही झालं नाही हे बरं झालं. पण घाट चढल्यावर कधी सांधा दुखला, हाताला मुंग्या आल्या, अंगावर चट्टे उठले किंवा कारण नसताना फार थकवा आला तर ‘प्रवासानं झालं असेल’ म्हणून झोपू नका. डॉक्टरकडं जा आणि डायव्ह केला होता हे पहिल्या वाक्यात सांगा.

जानेवारीत मुर्डेश्वरला रात्रीची खोली घ्या. दुपारी बारापर्यंत दुसरा डायव्ह संपला तर अठरा तास पहाटे सहाला पुरे होतात. सकाळी इडली खाऊन निघा, दुपारच्या जेवणाला शहापुरात. आणि मालदीवातून विमान ज्या दिवशी आहे, त्याच्या आधीचे चोवीस तास पाण्याबाहेर, किनाऱ्यावर.